दुसऱ्याने काढलेले आपले चित्र

गतवर्षीच्या स्नेहसंमेलनात इयत्ता सातवीच्या मुलांनी जे 'वन्य नृत्य' सादर केले त्यास सर्वांत अधिक टाळ्या पडल्या, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. आठ मुले, कमरेभोवती गवताच्या झालरी, हातांत पुठ्ठ्याचे भाले, आणि तोंडास, मानेस व दंडांस खोबरेल तेलात कालवलेली काजळी. कार्यक्रमपत्रिकेत त्या नृत्यापुढे 'वेस्ट इंडीज' असे छापले होते. हे कोणी सुचविले असे कोणी विचारील तर उत्तर सोपे आहे: ती पत्रिका आम्हीच तयार केली होती. 'आफ्रिका' हा शब्द आदल्या वर्षी येऊन गेला होता, म्हणून ह्या खेपेस निराळा घातला. याहून अधिक विचार त्यामागे नव्हता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. प्रातःकाळच्या उपासनेस त्या आठांपैकी दोघे पुढच्या बाकावर बसले होते. स्वच्छ सदरे, नीट विंचरलेले केस. परंतु कानांच्या मागे आणि मानेच्या वळीत काजळी तशीच होती. ती साबणाने निघत नाही, पुन्हा तेल लावून चोळावी लागते, असे एका मुलाच्या मातोश्रींनी मागाहून हसत सांगितले, आणि आम्हीही हसलो. पुढे उन्हाळ्याच्या सुट्टीत आधुनिक शिल्पकलेवरील एक ग्रंथ चाळीत असता एका पानाशी आमचा हात थांबला, व ते हसणे परत घेता आले असते तर बरे, असे वाटले. प्रस्तुत लेखाचे निमित्त एवढेच.

त्या पानावर एक छायाचित्र होते. मध्यभागी एक मनुष्य उभा. पण मनुष्य असा फारसा दिसतच नाही. प्लॅस्टिकची फुले, बाहुल्या, खोट्या तलवारी, मण्यांच्या माळा, चकाकणाऱ्या पट्ट्या यांच्या राशीखाली तो नखशिखान्त दडलेला आहे. तो राजा आहे, की लुटारू सरदार, की जत्रेतील सोंग, हे ठरविता येत नाही. मात्र त्याच्याकडे पाहताना थोडे भय वाटते. तो मनुष्य म्हणजे स्वतः कलावंत ह्यू लॉक. सन २००७ मध्ये त्यांनी अशा छायाचित्रांची मालिका आरंभिली आणि तिला जे नाव दिले त्याचा अर्थ 'तुम्हाला मी कसा हवा?' असा होतो. छायाचित्रकाराच्या दुकानात गेल्यावर आपणही थोड्याफार फरकाने हेच विचारतो: उभा राहू की बसू, हात कोठे ठेवू, हसू की नको? तेथे प्रश्न निरुपद्रवी असतो. लॉक ह्यांनी तोच प्रश्न पाहणाऱ्याच्या गळ्यात अडकविला आहे. कॅरिबियन मनुष्य म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे जे उभे राहते ते सारे मी अंगावर चढवून आलो आहे. आता सांगा, झाले का समाधान?

हे गृहस्थ कोण, हे सांगणे अवश्य आहे. लॉक ह्यांचा जन्म सन १९५९ मध्ये स्कॉटलंडातील एडिंबरो येथे झाला. वडील डोनाल्ड लॉक हे गयानाचे नामांकित शिल्पकार, आई लीला इंग्रज, तीही चित्रकार. सन १९६६ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी गयाना स्वतंत्र झाले त्याच वर्षी, हे कुटुंब त्या देशाच्या जॉर्जटाउन ह्या राजधानीत राहावयास गेले. आणि सन १९८० पर्यंत, म्हणजे बालपण व विद्यार्थिदशेचा मोठा भाग, त्यांनी तेथे घालविला. पुढे इंग्लंडात फॅल्मथ येथे व नंतर लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये त्यांचे शिक्षण झाले, आणि लंडनातच त्यांनी आपली कर्मशाळा थाटली. नवस्वतंत्र देशातील शाळेत ते जात, परंतु वह्यांच्या मुखपृष्ठावर इंग्लंडची राणी होतीच. ह्या वह्यांची आठवण ते आजही सांगतात. रोज जे चित्र हाताखाली असते ते पाहिले न जाताच मनात जाऊन बसते, हे शिक्षकाला कोणी निराळे सांगावयास नको.

आता कॅरिबियन प्रदेशाविषयी आपल्या मनात काय आहे ते पाहावे. प्रथम क्रिकेट. बहुतेक विद्यार्थ्यांस वेस्ट इंडीज हा एक देश आहे असे वाटते. वास्तविक ती अनेक स्वतंत्र राष्ट्रांची व बेटांची मिळून एक खेळापुरती मंडळी आहे. ते नावदेखील चुकीतून जन्मले. सन १४९२ मध्ये कोलंबस त्या बेटांना लागला तेव्हा आपण हिंदुस्थानाच्या आसपास पोचलो असा त्याचा समज झाला, आणि ज्यांनी आपला देश कधी पाहिलाही नव्हता अशा लोकांना 'इंडियन' हे नाव चिकटले. एका प्रवाशाच्या गैरसमजाचे ओझे एक अवघा भूभाग पाच शतके वाहत आहे. क्रिकेटमध्ये ह्या लोकांविषयी दोन चित्रे ठरून गेली आहेत. ते हरले की म्हणावयाचे, 'हे आनंदी, गाणारे-नाचणारे लोक, ह्यांना शिस्त कोठून?' आणि जिंकले की म्हणावयाचे, 'हे रानटी, अंगावर चेंडू मारणारे.' सन १९७६ मध्ये जमैकातील किंग्स्टन येथे आपल्या संघातील खेळाडू जखमी झाले, त्यानंतर आपल्याकडच्या लेखणीतूनही तेथील प्रेक्षकांविषयी 'जंगल' हा शब्द उतरलाच. दुखापत खरी होती, रागही खरा होता; पण रागाच्या भरात हाताशी तोच शब्द का यावा, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. आमच्या कार्यक्रमपत्रिकेतही तोच आला, आणि आम्हास तर कोणी चेंडूही मारला नव्हता.

हसऱ्या चित्राचे मूळ बरेच जुने आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आगोस्तिनो ब्रुनियास नावाचा एक इटालियन चित्रकार इंग्रज अधिकाऱ्याबरोबर डॉमिनिका बेटावर गेला. त्याची चित्रे मोहक आहेत: बाजार भरला आहे, स्त्रिया रंगीबेरंगी वस्त्रे नेसून फळे विकीत आहेत, कोणी नाचत आहे. ज्या गुलामांच्या घामावर ती बेटे साखर पिकवीत होती त्यांचे उसाचे मळे, मुकादमाचा चाबूक, ऊस गाळणाऱ्या घाण्याची ती जीवघेणी रात्रपाळी, ह्यांना त्या आनंदात जागा नाही. चित्र खोटे नव्हते. बाजार भरत असेल, लोक नाचतही असतील. त्यातून जे वगळले तेच महत्त्वाचे होते.

गयानाच्या कथेत आपल्या देशाचाही धागा आहे, आणि तो आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांस ठाऊक नसतो. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी सन १८३४ मध्ये कायद्याने संपली. परंतु 'उमेदवारी'च्या नावाखाली तेच लोक त्याच मळ्यांवर सन १८३८ पर्यंत बांधलेले राहिले. ते मोकळे झाले त्याच वर्षी कलकत्त्याहून निघालेली 'व्हिटबी' व 'हेस्परस' ही दोन जहाजे हिंदी मजूर घेऊन गयानाच्या किनाऱ्यास लागली. तेव्हापासून सन १९१७ पर्यंत सुमारे २,३९,००० हिंदी माणसे करारावर त्या देशी गेली. ती बहुतांशी बिहार व संयुक्त प्रांत इकडची होती, काही मद्रासेकडची. मराठी मुलखाचा त्यांत म्हणण्यासारखा वाटा नव्हता. रोहन कन्हाय, आल्विन कालिचरण, शिवनारायण चंद्रपॉल ही नावे पालकांस परिचित आहेत. ती ह्याच मजुरांच्या वंशातील. तेव्हा सातवीच्या मुलांच्या तोंडास काजळी फासून आम्ही 'वेस्ट इंडीज' उभे केले, त्यात कन्हायला कोठे बसवावयाचे होते? आणि क्लाइव्ह लॉइडसारखा चष्मा लावणारा, शांत, मोजके बोलणारा जॉर्जटाउनचा कर्णधार त्या गवताच्या झालरीत कसा मावला असता?

असो. लॉक ह्यांच्या कामाकडे वळू. ऐन उमेदीच्या काळात त्यांची शिल्पे पाहून लोक ती कोठल्या तरी दूरच्या जमातीची कारागिरी समजत. लंडनात घडविलेले शिल्प, पण पाहणाऱ्याच्या मते ते आले दुरून. ह्यावर लॉक ह्यांनी जे उत्तर दिले ते आम्हास अत्यंत मार्मिक वाटते. सन २००० मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्यांनी पुठ्ठ्याची एक प्रचंड रचना उभारली. ती काहीशी बोट, काहीशी राजवाड्यासारखी, आणि काहीशी परदेशी पाठवावयाच्या मालाचे खोके. तुम्ही मला दूरदेशीचा माल समजता ना? मग हा घ्या, बांधाबांध करूनच आणला आहे! शाळेच्या वस्तुभांडारात पडून असतो तसला पुठ्ठा. पण त्यातून केवढा टोला हाणला आहे. बोट हा तर त्यांचा आवडता विषय आहे, आणि ते साहजिक आहे, कारण गयानात आज जे राहतात त्यांतील मूळ रहिवासी सोडले तर प्रत्येकाचे पूर्वज बोटीतून आले: कोणी साखळदंडात, कोणी करारपत्रावर अंगठा उठवून, कोणी मालक म्हणून. सन २०११ मध्ये फोक्स्टन ह्या बंदरगावातील जुन्या चर्चच्या छताखाली त्यांनी नाना देशांच्या नाना तऱ्हेच्या बोटींचा एक ताफाच अधांतरी टांगला होता. समुद्रातून सुखरूप परतल्याबद्दल चर्चमध्ये लहानशी बोट टांगण्याची जी जुनी चाल आहे, तिचा आधार त्यांनी घेतला.

ह्या कलावंताविषयी एक शंका आमच्याही मनात आली होती, ती लपवीत नाही. रंगांचा भडका, मणी, फुले, झगमग, हे सारे वापरून लॉक त्याच ठराविक चित्राला दुजोरा देत नाहीत काय? कॅरिबियन म्हणजे भपका, असेच पाहणारा म्हणणार! परंतु ती फुले व बाहुल्या कोठून आल्या हे पाहिले म्हणजे शंका बरीचशी फिटते. त्या कोणत्याही बेटावरील नव्हेत. लंडनच्या बाजारात ढिगांनी मिळणाऱ्या, कारखान्यात निघालेल्या स्वस्त वस्तू आहेत. 'परदेशी गूढता' म्हणून जिचे कौतुक होते ती दुकानात काही आण्यांस मिळते, असे ते दाखवितात. शिवाय ती झगमग त्यांनी स्वतःपुरती ठेविली नाही. सन २००४ च्या सुमारास त्यांनी ह्याच प्लॅस्टिकच्या खेळण्यांतून राणी एलिझाबेथ हिची भव्य मुखशिल्पे घडविली. त्यांतील सन २००५ च्या एकाचे नाव 'एल डोराडो'. वॉल्टर रॅली सन १५९५ मध्ये ज्या सोन्याच्या नगरीच्या शोधात गयानाच्या दिशेने गेला आणि जी कोणालाच सापडली नाही, तीच ही. दूरच्या देशाविषयीचे ते सोनेरी स्वप्न लॉक ह्यांनी उचलून राणीच्या मुखावर ठेविले. वहीवरची ती नीटस, शांत मुद्रा आता फुले, खेळण्यांतील शस्त्रे व जीवजंतू यांनी बुजबुजलेली आहे. विचित्र कोण, आम्ही की तुम्ही, असा प्रश्न तेथे आपोआप उभा राहतो, आणि तरीही राणीचा उपहास असा त्यात वाटत नाही. ह्या संयमामुळेच आम्हास हा कलावंत मोठा वाटतो.

पुतळ्यांविषयी त्यांची वागणूक तर विशेष पाहण्यासारखी आहे. जॉर्जटाउनच्या न्यायालयासमोर महाराणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा आहे. सन १९५४ मध्ये कोणी सुरुंग लावून त्याचे मस्तक उडविले. दुरुस्तीसाठी तो विलायतेस गेला, परत आला, आणि सन १९७० मध्ये देश प्रजासत्ताक झाल्यावर वनस्पतिउद्यानाच्या मागील बाजूस नेऊन टाकण्यात आला. तो तसा टाकलेला लॉक ह्यांनी बालपणी पाहिला. (सन १९९० मध्ये तो पुन्हा मूळ जागी आला.) मुंबईकर पालकांस येथे आपल्याकडील पुतळा आठवेल. बडोद्याच्या गायकवाडांनी दिलेला तो पुतळा सन १८७२ मध्ये मुंबईत उभारला गेला. सन १८९६ मध्ये दामोदर चाफेकर ह्यांनी त्यास डांबर फासले. सन १९६५ मध्ये तो हलवून भायखळ्याच्या उद्यानात नेला. सुरुंग व डांबर ह्या दोहोंमागील संताप समजण्यासारखा आहे. लॉक ह्यांनी निराळे केले. ब्रिस्टल शहरात एडवर्ड कोल्स्टन ह्या गुलामांच्या व्यापाऱ्याचा पुतळा दानशूर म्हणून उभा होता. सन २००६ मध्ये लॉक ह्यांनी त्याचे मोठे छायाचित्र घेऊन ते कवड्यांनी व सोनेरी अलंकारांनी मढविले. कवड्या, कारण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसांच्या मोबदल्यात त्या दिल्या जात. पुढे सन २०२० मध्ये लोकांनी तो पुतळा खाली ओढून बंदरात बुडविला, त्याच्या चौदा वर्षे आधीची ही गोष्ट. सन २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या चौकातील व्हिक्टोरियाच्या पुतळ्याभोवती त्यांनी लाकडी बोट बांधली आणि तीत तिच्याच लहान प्रतिकृती उभ्या केल्या, जणू साम्राज्यभर वाटावयासाठी माल भरला आहे. काही आठवड्यांनी बोट काढली. पुतळा जसाच्या तसा राहिला. पण त्या चौकातून रोज मान खाली घालून जाणाऱ्यांनी तो कदाचित प्रथमच पाहिला.

डांबराचा उल्लेख झाला तेव्हा आम्ही आमच्या काजळीपाशी येऊन पोचतो. आपल्या भाषेत 'तोंड काळे करणे' म्हणजे अब्रू गमावणे, आणि 'काळे फासणे' म्हणजे दुसऱ्याची अब्रू घेणे. आजही रस्त्यात कोणाचा निषेध करावयाचा तर त्याच्या तोंडास काळे फासतात, आणि वर्तमानपत्रे तसेच छापतात. म्हणजे जी गोष्ट अपमान म्हणून आपण शत्रूस करतो तीच करमणूक म्हणून आपण आपल्या मुलांस केली, आणि वर म्हटले, 'हे पाहा, ते लोक असे असतात.' दोन्ही ठिकाणी काळ्या रंगाविषयीचे मत एकच आहे. आमच्या वर्गात सावळ्या वर्णाची मुले बहुसंख्य आहेत. त्या आठांपैकी एकास 'तुला कमी काजळी पुरेल' असे कोणी तरी पडद्यामागे म्हटले होते, हे आम्हास फार उशिरा कळले. कोणी म्हटले ते आम्ही विचारले नाही. त्या मुलाने कोणास सांगितलेही नव्हते.

आमच्या लोकांस तर हे आधीच कळावयास हवे होते. सन १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत अनाथ झालेल्या मुलांची छायाचित्रे परदेशातील मिशनच्या पत्रकांत छापली जात. एका चित्रात बरगड्या मोजता येतील असे मूल. शेजारी तेच मूल काही महिन्यांनी, स्वच्छ अंगरख्यात. ती चित्रे पाहून हजारो मैलांवरच्या गरीब माणसांनीही पैसे पाठविले, आणि त्या पैशांवर जी मुले जगली त्यांची नातवंडे-पतवंडे आज ह्या शाळेच्या पटावर असतील. त्या ऋणाविषयी आमच्या मनात किंतु नाही. तथापि त्या चित्रांखाली पुष्कळदा मुलाचे नाव नसे, हेही खरे. दात्याला ते मूल जसे हवे होते तसे ते उभे केले गेले, आणि त्याला कोणी विचारले नाही. आजही चित्रपटातील ख्रिस्ती मनुष्य पाहावा: हाती मद्याची बाटली किंवा गिटार, तोंडी मोडकी हिंदी. रेव्हरंड टिळकांच्या भाषेत लहानाचे मोठे झालेल्या अहमदनगरच्या ख्रिस्ती मनुष्यास आगगाडीत शेजारी म्हणतो, 'तुमचे मराठी फार चांगले आहे हो!' तो हे प्रेमाने म्हणतो, म्हणून उत्तर देणे अवघड जाते. नासरेथ गावाचे नाव ऐकून नथनेलास जी शंका आली होती तिच्यात तरी दुष्टपणा कोठे होता?

ह्या वर्षी आम्ही संमेलन समितीपुढे सूचना ठेविली आहे की कोणत्याही कार्यक्रमात मुलांचे तोंड रंगवून दुसऱ्या वंशाचे सोंग आणू नये. एका सहकाऱ्यांचे म्हणणे पडले की अशाने मुलांची मौज जाईल, आणि उद्या नाटकात म्हाताऱ्याची दाढी लावावयासही तुम्ही हरकत घ्याल. हा आक्षेप आम्ही हसून सोडून देत नाही. सोंग हा आपल्या जत्रेचा, तमाशाचा, दशावताराचा प्राण आहे; लॉकदेखील सोंगच घेतात. परंतु दाढी लावणारा मुलगा त्या म्हाताऱ्याचे नाव, त्याचे दुखणे, त्याचे बोलणे शिकतो, तेव्हा कोठे त्याचा म्हातारा उभा राहतो. काजळी फासलेल्या मुलास काहीच शिकावे लागले नव्हते. नाचताना ओरडावयाचे शब्ददेखील आम्ही कोणत्याच भाषेतले दिले नव्हते. 'हुंबा हुंबा' एवढेच लिहून दिले होते. ज्यास गयानाचा मनुष्य उभा करावयाचा आहे त्याने बर्बिस भागातील उसाच्या मळ्यावरून निघून कसोटी सामन्यात पोचलेला कन्हाय उभा करावा, किंवा वहीवरील राणीला मिशा काढीत बसलेला जॉर्जटाउनचा एखादा विद्यार्थी. टाळ्या कमी पडतील कदाचित.

समितीचा निर्णय हा अंक छापावयास जाईपर्यंत झालेला नाही. गतवर्षीच्या गवताच्या झालरी व पुठ्ठ्याचे भाले सामानाच्या पेटीत तसेच आहेत. शिपायाने ते जाळून टाकू का, असे विचारले. आम्ही नको म्हटले, आणि पेटी चित्रकलेच्या वर्गात नेऊन ठेवावयास सांगितली. त्या आठांपैकी पाच मुले यंदा तेथे आहेत.